तीन ‘द’ आणि विहीणबाई

पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. हा नियम काही मी काढलेला नाही. माझी मोठी मुलगी देवगडला माझ्या आईच्या हातावर झाली आणि मुलगा इथे मुलुंडला, सासूबाईंच्या देखरेखीखाली. त्यामुळे तैवानला माझ्या सुनेचं पहिलं बाळंतपण झालं आणि तिच्या आईने, म्हणजे माझ्या विहीणबाईंनी, सगळं घर ताब्यात घेतलं तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. मुलगा तिथे नोकरीला, सून तिथलीच, बाळंतपण पहिलं. त्यांचा हक्क होता, त्यांनी बजावला. फक्त बाळंतपण उरकल्यावर त्यांनी आपल्या घरी जायला हवं होतं, ते त्या गेल्या नाहीत.

नात दोन वर्षांची झाली, तीन वर्षांची झाली, तरी रविवारी व्हिडिओ कॉल लावला की मागे विहीणबाई आहेतच. कधी तिचे केस विंचरताहेत, कधी तिच्यामागे वाटी घेऊन फिरताहेत. नात फोनकडे बघून हात जोडायची, ‘नमस्ते नाइनाइ’ म्हणायची आणि लगेच मागे वळून विहीणबाईंना चिनीत काहीतरी भलंमोठं सांगत सुटायची. नाइनाइ म्हणजे बापाची आई, ती मी. आईची आई ती वाइपो. नाइनाइच्या वाट्याला दोन शब्द आणि वाइपोच्या वाट्याला सगळा दिवस. मुलगा म्हणायचा, लहान आहे गं, जे कानावर पडतं तेच बोलणार. माझं दुसरं काय म्हणणं होतं?

मत्सर हे भाववाचक नाम आहे असं मी पालिकेच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. कसलं भाववाचक! कॉल संपला की ते छातीत दुखायचं, आणि पोळ्या लाटताना हातात यायचं. आमचे हे म्हणायचे, आज रविवार का, पोळी कडक झालीय.

मग मी ठरवलं, चिनी शिकायचं. ह्यांना सांगितलं तेव्हा हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “तुका ता कित्याक व्हया?” मी म्हटलं, नातीशी बोलायला. ते खरंच होतं. पण त्याच्या मागे आणखी एक खरं होतं, ते मी बोलले नाही: विहीणबाई माझ्यासमोर, माझ्याच फोनमधून, माझ्या नातीशी काय बोलतात ते मला कळायला हवं होतं.

क्लास घाटकोपरला होता, दर शनिवारी. शिकवणारी मुलगी पार्ल्याची, माझ्या मुलीपेक्षाही लहान, दोन वर्षं तिकडे राहून शिकून आलेली. वर्गात साकीनाक्याला गाळे असलेले दोन तरुण होते. त्यांना तिकडच्या मशीनवाल्यांशी मधल्या माणसाशिवाय बोलायचं होतं. आणि तिसरी मी. शिकवणारी मला काकू म्हणायची, मी तिला मॅडम म्हणायचे. तिला ते अवघड व्हायचं, पण मी सोडलं नाही. फळ्याच्या त्या बाजूला जो उभा राहतो त्याला मान द्यायचा, हे मी मुलांना सांगत आले होते.

सुरुवातीचे काही महिने सुरांत आणि उच्चारांत गेले. मग आले तीन ‘द’. ऐकायला तिन्ही सारखेच. अर्धवट उच्चारलेला, वाक्यात कुठेतरी पडून राहिलेला ‘द’. लिहायला मात्र तीन वेगळी अक्षरं आणि तिघांची कामं वेगळी. मॅडमनी ती फळ्यावर काढून दाखवली. पहिल्याच्या उजव्या अंगाला पळीचं चिन्ह. दुसऱ्याच्या डाव्या अंगाला माती. तिसऱ्याच्या डावीकडे दोन तिरके फटकारे आणि खाली उभी रेघ, त्याला तिकडे दोन माणसं म्हणतात. आम्ही त्यांना नावंच पाडून टाकली: पळीचा द, मातीचा द आणि दोन माणसांचा द.

पळीचा द म्हणजे आपला चा-ची-चे. मालक आणि वस्तू यांच्या मधे बसतो. मातीचा द क्रियेच्या आधी येतो आणि ती कशी केली ते सांगतो, शांतपणे, घाईघाईने, हळूहळू. दोन माणसांचा द क्रियेच्या मागून येतो आणि निकाल देतो. चांगलं बोलते, लवकर उठते, फार खाते. साकीनाक्याच्या पोरांनी दुसऱ्याच शनिवारी हात टेकले. “ऐकायला सेम आहे ना यार, मग कुठला पण टाक,” एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि दोघांनी सगळीकडे पळ्या मारायला सुरुवात केली. मला राहवेना. हयात ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात गेली माझी. ‘ऐकायला सेम आहे’ हे वाक्य मी चौथीच्या पोरांकडूनही खपवून घेतलेलं नाही.

मला तिन्ही द मनापासून आवडले. घरी येऊन मी वाक्यं रचायचे. मॅडमनी प्रत्येक द वापरून एकेक वाक्य आणायला सांगितलं होतं. मी लिहिलं: ही माझी नात आहे. मी शांतपणे फोन ठेवते. विहीणबाई फार बोलतात. मॅडमनी ती वहीतून वाचली, ओठ आवळून हसू दाबलं आणि म्हणाली, काकू, तिन्ही बरोबर आहेत.

मग तिने पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं. चूक नाही म्हणाली, पण घरातल्या माणसांबद्दल बोलताना तिकडे पळी बहुतेक गाळतात. माझं पुस्तक, माझी छत्री, तिथे पळी लागते. माझी आई, माझी नात, तिथे नाही घातली तरी चालते. जवळचं माणूस असलं की मधे काही ठेवायची गरज पडत नाही. पुढच्या रविवारी मी कान टवकारून बसले. विहीणबाई कुणा शेजारणीला नात दाखवत होत्या, आणि त्यांनी पळी घातली नाही. मी इतके दिवस घालत होते. नात म्हणजे माझी छत्री असल्यासारखी. फोन मी शांतपणे ठेवला नाही.

याच काळात ते ग्रुपवरचं प्रकरण झालं. मुलाने दोन्ही घरांचा मिळून एक ग्रुप केला होता. त्यावर विहीणबाईंनी नातीचा फोटो टाकला, तोंडभर आंबा माखलेला, आणि खाली चिनीत लिहिलं, कशी आनंदाने खातेय बघा. मी वाचलं आणि माझ्या अंगात आनंद मावेना. त्यांनी पळी घातली होती. खाण्याच्या मागे दोन माणसं हवी होती, तिथे पळी. ज्यांच्या तोंडून माझी नात भाषा शिकत होती, त्यांना द येत नव्हता. मी लगेच खाली बरोबर अक्षर लिहिलं आणि पुढे एक तारा काढला.

पाच मिनिटांत मुलाचा फोन. आई, काय केलंस हे? मी म्हटलं, चूक होती, सुधारली. तो म्हणाला, अगं, घाईत तिकडे सगळेच तसं लिहितात, मीपण लिहितो. मी म्हटलं, मग तुझंही चुकतं. सुनेने एक हसरा चेहरा पाठवला. विहीणबाईंनी वाकून नमस्कार करणारा ससा पाठवला. त्या सशाचा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही. मॅडमना विचारलं तर ती म्हणाली, काकू, शाळेच्या बाहेर एवढं कुणी बघत नाही हो. असेल. चूक ती चूक.

आणि मग माझ्या मनासारखं घडलं. मुलाची मुंबईला बदली झाली, आणि ते कळवायला केलेल्या फोनवरच त्याने सांगितलं की सुनेला पुन्हा दिवस गेलेत. आमच्याच सोसायटीत, समोरच्या बिल्डिंगमध्ये त्यांना भाड्याने जागा मिळाली. दुसरं बाळंतपण सासरी. मी डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, ओवा सगळं काढून उन्हात घातलं. शेगडी घासूनपुसून ठेवली. सुनेचं बाळंतपण मी करणार, आणि त्या दीड-दोन महिन्यांत नात माझ्या घरात, माझ्या कडेवर, माझ्या बोलण्यात राहणार. एवढंच मला हवं होतं. त्याच्यासाठी दोन वर्षं मी घाटकोपरच्या त्या खोलीत पोरांच्या मधे बसले होते.

मुलाने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आई, तिची आई पण येतेय. बाळंतपणाला.”

मी म्हटलं, त्यांचं झालं ना पहिल्या वेळेला? तो म्हणाला, तिच्या आईला तुझा हा नियम माहीत नाही. मी म्हटलं, मग सांग. त्याने सांगितलं नाही. विहीणबाई आल्या. दोन बॅगा कपड्यांच्या आणि एक नुसती तिळाच्या काळ्या तेलाच्या बाटल्या, वाळवलेलं आलं आणि तांदळाच्या दारूची; बाळंतिणीला तिकडे हेच देतात. विमानतळावर नात बापाचा हात सोडून त्यांच्याकडे धावली आणि ती त्यांच्या कमरेला अशी चिकटली की बॅगांची गाडी मला ढकलावी लागली.

आता मला नातीशी बोलता येत होतं, हे खरं. ती माझ्याशी बोलायचीही. किती छान बोलायची! मला समजावं म्हणून हळूहळू, एकेक शब्द वेगळा काढून, वाक्य पूर्ण करून. पाणी दिलं की धन्यवाद, नाइनाइ. चप्पल घातली की धन्यवाद. मी काही विचारलं की हातातलं खेळणं खाली ठेवून उत्तर. सून कौतुकाने म्हणायची, तुमच्याकडे किती शहाण्यासारखी वागते, माझ्या आईला तर छळते नुसती. आणि छळायचीच. विहीणबाईंचा चष्मा ओढायची, जेवताना त्यांच्या अंगावर भात सांडायची, नको म्हटलं की जमिनीवर लोळण घ्यायची. त्यांच्याशी बोलताना अर्धे शब्द गिळायची, द तर एकही धड नसायचा. सगळे म्हणायचे, दमवते हो त्यांना. मी हे बघत बसायचे आणि माझा जीव जळायचा. पाहुण्यांशी असंच बोलायचं असतं, नीट, पूर्ण वाक्यात. मी माझ्या घरात माझ्या नातीची पाहुणी होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. एका सकाळी मी विहीणबाईंना घेऊन मासळी बाजारात गेले. माझी कोळीण ठरलेली आहे, तिच्या आईपासून मी तिथेच घेते. विहीणबाईंनी खाली बसून पापलेटाचा कल्ला उघडून बघितला, नाक लावलं, बाजूला ठेवला, दुसरा उचलला. कोळणीने माझ्याकडे बघून विचारलं, कोन गो ही? मी म्हटलं, विहीण. ती खूश झाली. “यांना कलतंय,” म्हणाली आणि त्यांच्या पिशवीत ओंजळभर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, वर टाकली. इतक्या वर्षांत मला तिने कोथिंबिरीची काडी वर दिली नव्हती. परत येताना विहीणबाई त्या करंदीकडे बघून हसत होत्या आणि मी रस्त्याकडे बघत चालले होते.

बाळ झालं. मुलगा. सून त्याला घेऊन आमच्याच घरी आली. दोन्ही आज्या सज्ज. मी शेगडी पेटवली, त्यांनी गॅस पेटवला. माझ्या ओट्यावर एका बाजूला अळिवाची खीर, दुसऱ्या बाजूला तिळाच्या तेलात आलं आणि कोंबडी. दारूचा वास पार जिन्यापर्यंत. समोरच्या जोशीणबाई की कोण त्या, विचारायला आल्या, काय शिजतंय? मी म्हटलं, औषध.

आणि सुनेने दोन्ही ताटं परत पाठवली. डॉक्टरांनी साधं खा म्हणून सांगितलंय, मला वरण-भात आणि भाजी पुरे, असं तिने आईला चिनीत आणि मला इंग्रजीत, दोन्ही हात जोडून सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने डोक्यावरून अंघोळ केली आणि एसी लावून झोपली. मी दारात उभी राहून ‘अगं, कान बांध, वारा लागेल’ म्हणत होते, आणि माझ्या शेजारी उभ्या राहून विहीणबाई त्यांच्या भाषेत बहुतेक तेच म्हणत होत्या, कारण त्यांच्याही हातात रुमाल होता. दोघींच्या तोंडावर दार लागलं.

अन्न टाकायचं कसं? दुपारी टेबलावर आम्ही दोघीच बसलो. मी त्यांच्या कोंबडीचं सूप दोन वाट्या प्यायले, चांगलं होतं, अंगातून वाफा निघाल्या. त्यांनी माझा डिंकाचा लाडू खाल्ला, मग दुसरा खाल्ला. काहीतरी बोलल्या, त्यात दोन माणसांचा द होता. फार छान केलाय, असं. आमचे हे बाहेरून डोकावले आणि म्हणाले, बाळंतीण एक आणि कंबर दोघींची भरतेय. त्या हसल्या, न कळताच. त्या क्षणी त्या मला आवडल्याही असत्या.

पण त्यांनी तिसरा लाडू उचलून नातीला दिला. नात शेजारच्या खुर्चीत बसली होती. डिंक उष्ण, पाच वर्षांच्या पोरीला एक लाडू पुष्कळ झाला. एक तिने सकाळीच खाल्ला होता. मी नको म्हटलं. विहीणबाईंनी खाऊ दे म्हणून हात केला. आयुष्यात त्यांनी त्या पोरीला कशालाच नको म्हटलेलं नव्हतं. मी उठले आणि नातीच्या हातातून लाडू काढून घेतला, तोंडाशी नेलेला.

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असावं, नाइनाइ परत देईल, पाहुण्यांसारखं. मी डबा बंद केला. आणि मग ती माझ्यावर फुटली. काय बोलली ते मला निम्मंच कळलं, कारण शब्द गिळलेले, वाक्य मोडलेलं, सगळे द कुठल्या कुठे. एवढं कळलं की नाइनाइ वाईट आहे, तू जा, मला तू नको. दोन्ही मुठींनी तिने माझ्या पोटावर मारलं. माझा चष्मा खाली पडला.

सून आतून ओरडली, माफी माग नाइनाइची. मी म्हटलं, काही गरज नाही, राहू दे तिला. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, ह्यांनी पेपर बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं. पडलेला चष्मा मी उचलून पुसला. आनंदाने.

नात दाराच्या मागे जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. विहीणबाई उठल्या. डब्यातून लाडू काढून, तो पाठीमागे लपवून, तिच्याजवळ गेल्या. इतकी वर्षं तिचा रुसवा त्यांनीच काढला होता, फोनवर मी कितीदा बघितलं होतं, आधी गुदगुल्या, मग खाऊ. त्यांनी गुदगुल्या केल्या. ती हलली नाही. त्यांनी लाडू पुढे धरला. तिने लाडवाकडे बघितलं नाही, मान वळवून माझ्याकडे बघितलं, रागाने, ओठ बाहेर काढून, मी काय करते ते बघायला. मी भांडी आवरायला घेतली.

थोड्या वेळाने ती आली आणि माझ्या पाठीला पाठ लावून, ओट्याशी उभी राहिली. मी हातातलं भांडं विसळत राहिले. मला पाठीवर तिचं डोकं लागत होतं. रुसायला हक्काचं माणूस लागतं, आणि त्या दुपारी रुसवा माझ्यावर होता.

विहीणबाई दाराशी लाडू हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला नवा नव्हता. दर रविवारी फोन ठेवल्यावर, बेसिनच्या आरशात, तोच दिसायचा मला.

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी हात पुसले, त्यांच्या हातातून लाडू घेतला, मोडला, अर्धा नातीला दिला आणि अर्धा त्यांना.